बछडं परत द्यायचं आहे

मी, लंकाबाई भागू साबळे, वय ७९, राहणार शिकारबंगला, पिंपळवंडी, ता. जुन्नर, जि. पुणे, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तरी बाळासाहेबाचा विश्वास बसणार नाही.

१. बंगला व भोवतीची अकरा एकर बाग. एका संस्थानिकाने हा बंगला शिकारीसाठी बांधला. पुढे तो बोलपटांतल्या नटी चंद्रप्रभाबाईंनी घेतला. त्यांच्या पार्ट्यांना मोटारींची रांग पार फाट्यापर्यंत लागायची. मी त्यांची स्वयंपाकीण. मूलबाळ नसल्याने जाताना त्यांनी सगळं माझ्या नावे केलं. ते मी माझ्या भावाची नात उज्ज्वला हिला देते. ती फॉरेस्टवाल्यांबरोबर काम करते. ऊसतोडीत सापडलेली बिबट्याची बछडी भाजीच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवून त्यांच्या आयांना परत देते.

२. मुलगा बाळासाहेब यास बारा माणसांचं जेवणाचं टेबल. बाकी काही नाही. "आई, पिंजरा लावून ते व्हरांड्यात येणारं जनावर न्यायला सांगू, मग हितं रिसॉर्ट लई भारी चालंल," म्हणाला. दोन वर्षांनी आला व्हता, अन् हे बोलायला!

३. दिवाणखान्यातली काचेची पेटी, आतल्या बछड्यासह. १९७० साली आमच्या मालकांना, म्हणजे बाळासाहेबाच्या वडिलांना, ते उसात सापडलं. आमच्या डोंगरातली रीत अशी, की बछडं दिवस मावळायच्या आत उचलल्या जागी ठेवायचं. बाईंनी ते मांडीवर घेतलं नि विचारलं, "लंका, याची आई नाही ना गं?"

"नाय बाई, मेली," मी म्हटलं. उसातून तिचं ओरडणं तेव्हाही ऐकू येत होतं. बाई इतक्या खूश, की माझ्याच्यानं खरं बोलवेना. नवव्या दिवशी बछडं मेलं. बाईंनी त्यात पेंढा भरून घेतला.

तेव्हापासून रोज चारच्या चहाला त्या बछड्याची आई व्हरांड्यात येते. वेताच्या खुर्चीत बसून काचेतून आत बघते. डावा कान फाटलेला आहे. बिबट्या पंधरा-सोळा वर्षांवर जगत नाही म्हणतात. ही पंचावन्न वर्षं येते आहे. फॉरेस्टवाल्यांनी कॅमेरा लावला, तर फोटोत नुसती खुर्ची आली, गादी दबलेली. बाळासाहेबाला अजून वाटतं, पिंजऱ्यात सापडेल.

माझ्या तेराव्याच्या आत उज्ज्वलाने बछडं कॅरेटमध्ये घालून, दिवसाउजेडी, विहिरीमागच्या उसात ठेवावं. मागे वळून बघू नये.

४. "आजी, मंग तूच का नाय ठेवत?" असं उज्ज्वलाने विचारलं होतं. तिला उत्तर लेखी देते. मी दोनदा पेटी उघडली आणि लावून टाकली. मालक गेले, बाई गेल्या, मुलगा फिरकत नाही. चार वाजता मात्र कुणीतरी येतं. लेकरू मिळालं असतं तर ती कशाला आली असती? तिचं पोर अडवून मी तिला सोबतीला बसवून ठेवलं, पोरी. मला तिची भीती कधीच वाटली नाही. ती यायची थांबेल, याचीच वाटली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. वकिलांना चौथं कलम गाळायचं होतं, मी गाळू दिलं नाही.

सही : लंकाबाई भागू साबळे

साक्षीदार : १) सावळेराम चिमाजी वाघ, वारूळवाडी
२) धोंडाबाई हौशीराम वळसे, निरगुडसर

ठिकाण : पिंपळवंडी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५