जेमतेम ओळख

सर, हे मी मराठीत लिहितेय. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते. दोन ओळी झाल्या आणि त्या इतक्या गुळगुळीत उतरल्या की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. इंग्रजीत मला हल्ली खोटं फार सहज बोलता येतं, पोटापाण्याची भाषा आहे ना ती. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी शिकवते त्या शाळेत तुम्ही नोकरीसाठी डेमोचा पाठ द्यायला आला होतात त्याला आठ. त्या दिवशी मी काय केलं ते तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला नाही. ते एकदा जसं घडलं तसं लिहून काढायचंय, म्हणून हा उपद्व्याप.

विक्रोळीची आमची शाळा, तुम्ही जिथे आम्हाला शिकवायचात ती, मराठी माध्यमाची. आम्ही सगळी चाळीतली, कंपनीत कामाला जाणाऱ्यांची पोरं, आणि इंग्रजीच्या पेपरात आमचा सगळ्यांचा शत्रू एकच, अनसीन पॅसेज. पुस्तकात नसलेला, कधी डोळ्यांखालून न गेलेला उतारा. त्यावर आमची युक्ती ठरलेली असायची. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो सापडला की ते अख्खं वाक्य उचलून उत्तर म्हणून चिकटवून द्यायचं. उतारा वाचायची गरजच नाही. तुम्हाला याची भयंकर चीड. "परक्याच्या घरी गेलात तर काय करता रे?" तुम्ही विचारायचात. "आधी चपला काढायच्या. घरात कोण कोण आहे, कोण गप्प बसलंय, कोणाचं कोणाशी वाजलंय, ते बघायचं. मग पाणी मागायचं. तुम्ही मेल्यांनो सरळ आत शिरून टोपावरचं झाकण उचलता." उतारे तुम्ही स्वतःच शोधून आणायचात. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहायचात आणि फळ्यावर टांगायचात. बाकीचे शिक्षक हसायचे तुम्हाला.

नववीतला तो उतारा मला अजून दिसतो. एक म्हातारा, बऱ्याच वर्षांनी घरी आलेला त्याचा मुलगा, आणि सकाळी मुलगा परत निघणार. त्यात एक वाक्य होतं, त्या संध्याकाळी म्हातारा 'हार्डली एट'. प्रश्न होता, म्हाताऱ्याच्या मनात काय चाललंय? मी ठोकून दिलं की मुलगा आल्यामुळे म्हातारा खूश आहे, कारण तो दाबून जेवला. हार्ड म्हणजे जोरात, हार्डली म्हणजे आणखी जोरात. तुम्ही माझी वही हातात घेऊन बाकापाशी उभे राहता. चिडलात की तुमची मालवणी बाहेर यायची. "काय गो, म्हातारो जेवलो की उपाशी रवलो?" वर्ग खिदळतो. मी मान वर करत नाही. मग तुम्ही फळ्यावर एकच शब्द लिहिता, जेमतेम. "हार्डली म्हणजे जेमतेम. जवळजवळ नाहीच. एक शब्द चुकलीस आणि दुःखी माणसाला हसवलंस तू. परीक्षेत मार्क जातील त्याचं काय नाही एवढं." त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण इंग्रजी मला खरं त्याच दिवसापासून येऊ लागलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बीए, बीएड आणि मुलुंडच्या इंग्रजी शाळेत नोकरी. तुम्ही रिटायर झालात त्या सुमारास मी तिथे इंग्रजीची एचओडी, विभागप्रमुख, होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटायचं की मी कॉन्व्हेंटची आहे. मी तसं कधी म्हटलं नव्हतं, फक्त कोणी तसं धरून चाललं की गप्प बसायची. उच्चार मी टीव्ही बघून बघून घासूनपुसून घेतले होते. कोकणातल्या आडनावावर कोणी काही विचारलं तर विषय बदलायची कलाही अवगत केली होती. आमच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या आणि सहा महिन्यांसाठी कोणीतरी हवं होतं. अर्जांच्या गठ्ठ्यात तुमचा अर्ज होता हे मला खरंच माहीत नव्हतं. एवढं एक तरी माझ्या बाजूनं मांडू दे.

तुम्ही प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत आलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत रबर लावलेली कॅलेंडरची गुंडाळी. मला बघून तुमचा चेहरा असा काही उजळला, आणि तुम्ही तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही विक्रोळीचे, आमच्या या मॅडमही मूळच्या तिकडच्याच असं ऐकलंय. ओळखता का एकमेकांना?" तुमच्या आधी मी उत्तर दिलं. मी म्हटलं, "हार्डली."

तुम्ही कॅलेंडरचं रबर नीट करत राहिलात. मग मॅडमकडे बघून म्हणालात, "नो मॅडम." झालं.

डेमोसाठी दिलेल्या आठवीच्या वर्गात मी मागच्या बाकावर तुम्हाला गुण द्यायचा फॉर्म घेऊन बसलेय. तुम्ही उतारा टांगता, कागदाच्या मागच्या बाजूची लक्ष्मी क्षणभर दिसते आणि पोरी हसतात. तुम्ही 'विमेन'ला 'वुमेन' म्हणता, 'क्लोद्ज'ला 'क्लॉथस'. मी फॉर्मवर टिकटिक करत जाते. उताऱ्यातली बाई दर वर्षी नवऱ्याचा कोट उन्हात घालते, ब्रश करते आणि परत कपाटात ठेवते, बस, एवढंच. तुम्ही प्रश्न विचारतच नाही. म्हणता, घरात कोण कोण आहे ते बघा. वर्ग हळूहळू गप्प होतो. मग एक पोरगी हात वर न करताच म्हणते, "सर, तो येणार नाहीये. तिला माहितेय." तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. तुम्ही तिला म्हणालात, "कशावरून?" आणि ती पुढे येऊन कागदावरच्या शब्दांवर बोट ठेवून दाखवू लागली. सर, पाठ चांगला झाला होता. माझ्या वर्गात तसा एकही झाला नव्हता, कारण मी तीच जुनी युक्ती शिकवत होते, आधी प्रश्न वाचा, शब्द शोधा. मला सगळं कळत होतं.

पाठ संपल्यावर खोलीत मॅडमनी मला विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, शिकवतात बरं, पण उच्चारांवरून आपले पालक तक्रारी करतील. मॅडमनी मान डोलावली. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तुमचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला होता. तुम्ही एक महिना जरी तिथे राहिला असतात तर बोलता बोलता सगळं बाहेर आलं असतं, माझी चाळ, माझी शाळा, माझा दाबून जेवणारा म्हातारा. मला त्याची भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

बाहेर तुम्ही बाकावर बसला होतात. मला बघून उठून उभे राहिलात. तुम्ही, माझ्यासाठी. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी तुम्ही हळूच म्हणालात, "शब्द बरोबर वापरलास." आणि मग, "पाणी कुठे मिळेल गं?" मी बोटानं कूलर दाखवला आणि पुढच्या तासाला निघून गेले. त्या वाक्यात टोमणा होता की शाबासकी, हे मी आठ वर्षं वाचतेय. लेखकाचा सूर कोणता, असा प्रश्न तुम्ही आम्हाला घालायचात. मला याचं उत्तर सापडत नाही. दोन्ही असेल, किंवा जुन्या सवयीनं तुम्ही फक्त वही तपासली असेल.

दोन वर्षांनी विक्रोळीच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही गेल्याची बातमी आली. मी लिहिलं, सर नसते तर मी नसते. त्याला भराभर बदाम आले. तेराव्याला तुमच्या घरी गेले तर काकूंनी मला लगेच ओळखलं. "तूच ना गं ती, मुलुंडच्या शाळेत ह्यांना शिकवायला बोलावलेलंस?" "घरी आले ते काय खूश होते सांगू. म्हणाले, माझ्या विद्यार्थिनीनं मानानं बोलावलं, पोरं हुशार होती, एकीनं तर कमाल केली. आठवडाभर तेच पुराण. केवढा मान दिलास गं त्यांना." तुम्ही घरी जाऊन असं सांगितलं होतंत. माझी लाज तुम्ही झाकलीत की तुमची, कोण जाणे. तेव्हा सांगायची वेळ होती. मी म्हटलं, "हो काकू."

तेव्हापासून दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जाते. हे पत्र त्यांच्या हातात ठेवायचं तर रिक्षानं पाऊण तासही लागणार नाही. मी स्वतःला सांगते, त्यांचं वय झालंय, तुम्ही जाणूनबुजून त्यांना दिलेला एक चांगला दिवस मी कशाला मोडू? सबब चांगली आहे, तुम्ही असतात तर लाल पेननं खाली रेघ मारली असतीत. खरं एवढंच आहे की गेल्या दिवाळीत काकूंनी शेजारणीला बोलावून सांगितलं, "ह्यांना शेवटपर्यंत विसरली नाही ती ही." मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला. आणि मला, सर, ते ऐकायला बरं वाटलं.