वीटभट्टीवरचे दहा जण

तिसाकाठ, हंगेरी
२ मार्च २०१४

ती. योलानताईस,
एर्विनचा शि. सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? हायफाच्या चढांना अजून शिव्या घालतेस ना? इथे आमचे नगराध्यक्ष बोग्नार यांना सत्तर वर्षांनी आपली, गावच्या यहुद्यांची, आठवण झाली आहे. निवडणूक जवळ आली की यांचा गळा दाटून येतो. मे महिन्यात जुन्या वीटभट्टीवर स्मारकशिला बसवणार, आणि तिथून चव्वेचाळीस साली नाझींच्या छळछावणीत नेलेल्यांपैकी तूच एकटी हयात, म्हणून तुझा सत्कार करणार. फोटोत हातावर गोंदलेला आकडा दिसावा म्हणून तू बिनबाह्यांचं घालून यावंस, अशी नम्र सूचनाही आहे. ऐकून माझं डोकंच फिरलं.

तरी ये. काकांनी त्या भट्टीवरच प्राण सोडला आणि तिथे त्यांच्या नावाने कद्दिशची प्रार्थना कधी झालीच नाही. तिला आपले दहा पुरुष लागतात आणि गावात युद्धानंतर जन्मलेला मी एकटाच उरलोय, हे साहेबांना सांगितलं. तर म्हणाले, काळजी कसली, नऊ जण अग्निशमन दलातून देतो, टोप्या घालून उभे राहतील.

रागावू नकोस, लोभ आहेच तो वाढू दे.
तुझा चुलतभाऊ एर्विन

हायफा
१६ मार्च

चि. एर्विनला अनेक आशीर्वाद.

तुझ्या साहेबांची अक्कल वाचून आधी पोट धरून हसले, मग रडले. डोक्यावर टोपी आली की झाला यहुदी! अरे, टोप्या घातलेले गाववाले त्या भट्टीवर तेव्हाही उभे होते. आईच्या कानातले डूल त्यांनीच ओरबाडले. त्यांच्या नातवंडांना मी बोल लावत नाही, पण बाबांसाठी भाडोत्री आमेन मला नको. आणि आकडा म्हणे! तो मी रोज भांडी घासताना बघते. असल्या माणसाच्या मतांसाठी तो गोंदलेला नाही.

मी येतेय, पण त्या तमाशाच्या आदल्या आठवड्यात, लांब बाह्यांचा स्वेटर घालून. सोबत दोन मुलगे आणि सात नातू, सगळे घोड्यासारखे वाढलेत. आम्हाला मोजून मालगाडीच्या डब्यात कोंबणाऱ्यांच्या हिशोबात यातला एकही नव्हता. दहावा तू. जन्मभर कम्युनिस्ट पक्षाच्या सभांत मान डोलावलीस, आता काकांसाठी तोंड उघड. पाठ नसेल तर आजपासून घोकायला लाग.

तब्येत सांभाळ, निदान मी येईपर्यंत तरी.
तुझी योलानताई

तिसाकाठ
२८ मार्च

ती. योलानताईस शि. सा. न.

घोकतोय. बायको हसते, मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसते.

बोग्नार साहेबांना कळवलं. आधी तोंड आंबट केलं, मग विचारलं की त्या दिवशी आपणही फोटोग्राफर घेऊन आलो तर चालेल का. आयुष्यात पहिल्यांदाच एका नगराध्यक्षापुढे माझा आवाज कापला नाही, ताई. मी म्हणालो, "फोटोग्राफर नको. तुम्ही या, मागे उभे राहा. फक्त या वेळी मोजणार आम्ही, आणि त्यात तुम्ही नसाल."

वाट पाहतो आहे. माया असू दे.
तुझा दहावा,
एर्विन