मागच्या खोलीत पाहुणे की बिऱ्हाड

बाई, देवासला माझ्या घराच्या मागे मी एक खोली बांधली आहे. खोली म्हणतो, पण स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, बाजूच्या गल्लीतून वेगळं दार, सगळं आहे. विटा गवंड्याने रचल्या, बाकी गिलावा, टाइल्स, नळ, वायरिंग माझ्या हातचं. मी कुठे शिकायला गेलो नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्याचं काम बघितलं, घरी येऊन केलं, बिघडलं, उखडलं, पुन्हा केलं. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओता, एक थेंब कोपऱ्यात थांबत नाही. डिप्लोमावाल्यांची कामं बघितलीत तर तुम्हीही मान्य कराल. तर ही खोली आता द्यायची कुणाला, दोन दिवसांच्या पाहुण्यांना की वर्षाच्या बिऱ्हाडाला, यावरून घरात धुसफूस चालू आहे, आणि मी सारखा उठून खोलीचं कुलूप उघडून आत जातो, उभा राहतो, परत येतो. बायको म्हणते, "आत काय ठेवलंयत, सोनं?"

तुमच्या धारच्या घरामागे आमचं बिऱ्हाड होतं ते आठवतं. वडील कपडे वाळत घालायच्या तारेचा पावसाने पडलेला खिळा दुसरीकडे ठोकू का म्हणून विचारायला आले होते, टोपी हातात घेऊन. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "अहो, ही काय धर्मशाळा आहे? स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायला परवानगी कसली मागता?" वडील भिंत तुमची म्हणून विचारत होते आणि तुम्ही ती त्यांची म्हणत होतात. मी दारात बसलेलो, तुमच्यासमोर पुस्तक उघडून. शाळा हिंदीची, त्यामुळे मराठी वाचायला तुम्हीच बसवलंत, रोज संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. एकदा रस्त्यात कुणी विचारलं, कुठे राहतोस रे, आणि मी म्हणालो, "बाईंच्या मागच्या खोलीत." तुम्ही मागून येत होतात. घरी आल्यावर इतक्या रागावलात की मला कळेचना माझं चुकलं काय. "आमच्या घरी राहतो, असं म्हणायचं. बाईंची खोली काय? राहतोस ना तिथे?" आम्ही वडिलांच्या नोकरीपायी देवासला निघालो तेव्हा तुम्ही मला ओळंबा दिलात, तुमच्या यजमानांचा, पितळी, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लटकवतात तो. बारा-तेरा वर्षांच्या पोराला कुणी ओळंबा देतं का, असं आई म्हणाली. पण मी त्या दिवसापासून जगात सरळ काय आणि तिरकं काय ते बघत सुटलो, आणि बायकोच्या मते अजून थांबलेलो नाही.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "बाबा, भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही. टेकडीवर देवीच्या दर्शनाला येणारे लोक असतात, कंपन्यांत कामाला येणारे असतात. येतील, राहतील, जातील. खोली तुमची ती तुमचीच." फोनवर कसली नोंदणी असते ती त्याने केली. मजकूर मी सांगितला: उतार, उजेड, पंख्याचा आवाज नाही, सकाळी चहा मिळेल. पहिले आले ते कारखान्यात यंत्र बसवायला आलेले दोघे. गेल्यावर खोली इतकी जशीच्या तशी, की हातपंप दुरुस्त करावा आणि कुणी पाणी भरायलाच येऊ नये, तसा मी उभा राहिलो. पण त्यांनी फोनवर पाच तारे दिले आणि लिहिलं, बाथरूम की फिनिशिंग लाजवाब. ते मी बायकोला वाचून दाखवलं. परत एकदा दाखवलं. ती म्हणाली, "ऐकलं हो."

मग शितळासप्तमीला सुरतेचं एक कुटुंब आलं, टेकडीवर जायला. आता इथे आमची चूक झाली, आणि ती आमच्याकडेच होऊ शकते. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या रात्रीचं शिळं खातात, हे तुम्हाला काय सांगायचं. तुमच्याकडून आमच्याकडे दहीभात यायचा आणि आईच्या गुळाच्या पुऱ्या तुमच्याकडे जायच्या. बायकोने आदल्या संध्याकाळी आमची शेगडी धुऊन हळदीकुंकू लावलं, आणि मागच्या खोलीत जाऊन तिथल्याही शेगडीला लावलं, वर लायटर उचलून आणला. पाहुणे येणार हे तिला माहीत होतं. पण तिच्या डोक्यात ती घरातलीच शेगडी, आणि घरात सातमीला जाळ नाही म्हणजे नाही. सकाळी तो सुरतवाला दाराशी. "अंकल, गॅस का लाइटर नहीं मिल रहा, और चूल्हे पे ये पीला-पीला क्या है?" बायको आतून ताट घेऊनच आली. "आज ठंडा खाते हैं. ये पूरी लीजिए, ये दही-भात." त्याची बायको लाजून घेत होती, तो चहासाठी व्याकुळ. शेवटी तो रस्त्यावरच्या टपरीवर गेला. तीन तारे. चाय लिखा था, मिली नहीं. चूल्हा गंदा. मी त्याला शितळासप्तमी म्हणजे काय ते सविस्तर लिहून उत्तर दिलं. मुलाने ते पुण्याहून काढून टाकलं आणि फोन करून म्हणाला, "बाबा, प्लीज." बायको मात्र दिवसभर पुटपुटत होती, "गंदा म्हणे. हळदीला गंदा म्हणे."

दोन दिवसांनी एक नर्स खोली बघायला आली. तुमच्या धारकडच्या मनावर गावची मुलगी, इथे एका दवाखान्यात रात्रपाळी-दिवसपाळी करते, सोबत म्हातारी आई. सध्याची खोली जिन्यावर आहे आणि आईचे गुडघे गेलेत. हळद अजून शेगडीवर होती. बघून म्हणाली, "हमारे यहाँ भी लगाते हैं, काकाजी." मग न्हाणीघरात गेली. मी उताराचं सांगायला लागलो तर तिने भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, "यहाँ एक डंडा लगा सकते हैं? माँ पकड़के उठेगी." बाई, त्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत. एक तडकली तर अख्खी भिंत गेली. मी म्हणालो, बघून सांगतो. ती म्हणाली, "काकाजी, कल तक बता देना. नहीं तो फिर साल भर के लिए ऊपर वाली ही रखनी पड़ेगी, माँ नीचे उतर नहीं पाती." म्हणजे ती म्हातारी वर्षभर उन्हात अंगणसुद्धा बघणार नाही. आणि मी माझी भिंत बघत होतो.

रात्री मुलाचा फोन. नवरात्राच्या नऊही दिवसांचं बुकिंग आलंय, खूश होता. ताट उचलताना बायको एवढंच म्हणाली, "टाइल तुमची आहे, तुम्ही ठरवा." हे बोलणं मला टोचलं, कारण ओठावर माझ्याही तेच शब्द होते.

सकाळी मी ड्रिल काढलं. टाइलला चिकटपट्टी लावली, म्हणजे टोक घसरत नाही, पाणी सोडत सोडत हळू गेलो. दुसऱ्या भोकाला कडेचा टवका उडाला. भाताच्या शितापेक्षा लहान, पण उडाला. बायकोला बोलावलं. तिने चष्मा लावून बघितलं, म्हणाली, "कुठंय?" मी बोट ठेवून दाखवलं, मग दांडा बसवला. ती दांड्याला धरून बसली, उठली, पुन्हा बसली, म्हणाली, "जरा खाली घ्या, म्हातारं माणूस वाकलेलं असतं." म्हणून तिसरं भोक, चौथं. मग नर्सला फोन केला. पलीकडे वॉर्डाचा गोंगाट, त्यातून ती म्हणाली, "काकाजी, मैं शाम को ही सामान ले आऊँ?" मुलाला कळवलं. तो रागावलाय, दोन दिवस बोलणार नाही. ठीक आहे.

आता दुपार आहे आणि मी रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून हे लिहितोय. तुम्ही गेलात, तुमच्या घरात आता दुसरेच लोक राहतात, तेव्हा हे पत्र टपालात टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही. मन अजून थाऱ्यावर नाही. पाहुणे येतात तेव्हा भिंतीकडे बघतात, तारे देतात. ही माणसं आठवड्यात बघायचं विसरतील, ओल्या साड्या टाकतील, कॅलेंडर लावतील, गिलावा कुणी केला हे त्यांना कळणार नाही. मला ते लागतं, बाई, आणि मला तुमच्यापुढे मोठेपणा मिरवायचा नाही. मघापासून तुमची ती खोली डोळ्यांसमोर आणतोय. आईचा हसण्याचा आवाज येतो, वडिलांची ओली टोपी दिसते. पण खिडकी एक होती की दोन, दार आत उघडायचं की बाहेर, हे काही केल्या आठवत नाही. सात वर्षं राहिलो, मी कधी बघितलंच नाही.