दुसऱ्यांदा नान-खलिया

२१ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. रऊफच्या जठराभोवतीच्या काढलेल्या सगळ्या लसिकागाठी स्वच्छ. सर्जन म्हणाले, कॅन्सर जठरातच होता, कापलेल्या भागाबरोबर गेला. केमो नको. मी दवाखान्याच्या जिन्यातच रडले. र. म्हणाला, "रोती कायकू? पास हुआ मैं." इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवली आणि आज एक धड वाक्य सुचेना. शुक्र अल्लाचा.

२४ नोव्हेंबर
वैजापूर, घरी. र.च्या अम्मींनी, माझ्या सासूबाईंनी, शुकरान्याचं, अल्लाचे आभार मानायचं, जेवण बोललं होतं. नान संभाजीनगरहून आणले, मटणाचा खलिया दारात शिजला. अर्धं मार्केट यार्ड जेवून गेलं. कांद्याच्या आडतीतले र.चे भागीदार पंडितराव मटण खात नाहीत. त्यांना वेगळी डाळ. डाळीवरच नानांचा फडशा पाडला. "वहिनी, लई झ्याक! आता रऊफभाईला काय बी व्हत नाय." र.ला पाव नानही जाईना, पण नवरदेवासारखा मिरवत होता.

२७ नोव्हेंबर
लॅबच्या मॅडमचा फोन. गाठी त्यांनीच तपासल्या होत्या. म्हणाल्या, हा कॅन्सर सुट्या सुट्या पेशींनी पसरणारा, गाठीत सहज लपतो, म्हणून चैन पडेना. त्याच गाठींचे आणखी काप काढले, कॅन्सरच्या पेशी तपकिरी दिसतील असा रंग लावला. एका गाठीत बारीकसा पुंजका. माफीही मागत होत्या. मी मध्येच फोन ठेवला. संताप आला त्या बाईचा. लोक जेवून गेले, आणि आता…

२८ नोव्हेंबर
सर्जनशी बोलले. इतक्या लहान पुंजक्यानं पुढं काय होईल ते छातीठोक सांगता येत नाही, पण मी केमो द्यावी म्हणेन, म्हणाले. र. अडून बसलाय. "लोगां दुआ देके, खाके गये. अब सुई लगाया तो नाशुक्री होती." कृतघ्नपणा म्हणे, तोही वरच्याशी! अम्मी लेकाच्याच बाजूनं. खूप भांडलो.

१ डिसेंबर
तांदूळ निवडत होते. एकदा निवडलेले. चष्मा लावला तर खडा! तिथंच बसून राहिले. त्या मॅडमना परत बघायला कोण सांगायला गेलं होतं? नसतं बघितलं तरी आम्ही दुआच दिली असती. फोन करून माफी मागितली. म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. दाखवते मी."

४ डिसेंबर
संभाजीनगरला, क्रांती चौकाच्या अलीकडं लॅब. र. आला, माझं तोंड बंद व्हावं म्हणून. मॅडम आमच्या मुलीएवढ्या असतील. र.नं यंत्राला डोळा लावला. मग मी. निळ्या पसाऱ्यात तपकिरी ठिपके, मोजून चार-पाच.
"एवढंच?"
"एवढंच, काका."
"आणि तुम्हाला हे दिसलं?"
"शोधत बसले होते."
र. परत वाकला. बराच वेळ बघत राहिला. उठला आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "जीती रहो बेटी." घरी आलो. जेवताना म्हणाला, "सर्जन को फोन लगा."

११ डिसेंबर
केमोचा पहिला दिवस. त्याचा हात गार, मळमळ सुरू. मला भीती वाटते. वाटतेच. पंडितरावांचा फोन, स्पीकरवर.
"बरे झालात की परत जेवण पाहिजे बरं का, रऊफभाई!"
"बरं व्हायची वाट कशाला बघता? पुढच्या रविवारी या."
"आँ? आता आन् कशाचं?"
र.नं माझ्याकडं बघितलं. "मागचं, काही सापडलं नाही म्हणून होतं. हे, सापडलं म्हणून."
नान सांगितले. डाळही. मॅडमना पहिलं बोलावणं केलं, कशाचं जेवण तेही सांगितलं.