डबा नव्हे, घर

४ मार्च

म्हणे डबा! दवाखान्यातल्या कारकुनाने तोंडावर सांगितलं — "नर्स घरी जाऊन मलमपट्टी करते. रेल्वेच्या डब्यात नाही." सासूबाईंच्या पायाची जखम चिघळलीय. आमच्या दाराशी फलाट नाही, त्यांना नुसतं खाली उतरवायचं तरी चौघे लागतात. मी म्हटलं, अहो, तिथे आमची चूल आहे, पलंग आहे, दाराला आतून कडी आहे. तर म्हणतो, "चाकं आहेत ना?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

६ मार्च

यांना सांगितलं तर हे हसले! रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत अर्धं आयुष्य गेलं. काम सरकेल तसा डबा सरकतो, डब्याबरोबर संसार. यांना त्यात काही वावगंच वाटत नाही. "अगं, माल भरतात ती वाघीण, माणसं बसतात तो डबा. आपल्याला माणसांत धरलंय, हे काय थोडं झालं?"

थोडंच झालं. डब्यातली माणसं स्टेशन आलं की उतरून घरी जातात. आम्ही उतरून कुठे जायचं?

९ मार्च

मुकादमाकडे गेले. म्हटलं, हे घर आहे असं लेखी द्या. तो डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, आज घर म्हणाल, उद्या नळ मागाल." मागेन की. का मागू नये? चहासुद्धा न घेता उठले.

१० मार्च

सासूबाईंना ताप.

१३ मार्च

मुकादमाच्या वरच्या रेल्वे साहेबांच्या दाराशी ठाण मांडून बसले. शेवटी कंटाळून त्यांनी लिहून दिलं — 'सदर डबा हे घर समजावे.' समजावे! असो. तो कागद कारकुनापुढे आपटला. परवा नर्सबाई येणार.

घरी येऊन सांगितलं. सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी घरातच राहिले म्हणायची." त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत बसले. रडू आवरेना.

१५ मार्च

पहाटे इंजिन येऊन लागलं. काम पुढे सरकलं, टोळीही पुढे. मुकादम म्हणे, सांगायचं राहून गेलं. सासूबाई हाकेला ओ देत नाहीत. आत्ता नर्सबाईंचा फोन आला — "अहो, मी पत्त्यावरच उभी आहे. इथे नुसते रूळ आहेत. घर कुठे आहे?"