वरचा मजला विकणे आहे

३० मार्च २०२५, रविवार

ठरले. घर विकायचे! मस्तगडातील हा वरचा मजला विकून कुंडलिका नदीपलीकडे, नव्या जालन्यात, तळमजल्यावर घर घ्यायचे. दुसरा मार्ग नाही.

पुष्पाबाई जिन्यावरून पडल्या, तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत. हाड सांधले, धीर सांधला नाही. जिना दगडी आणि उभा. एका अंगास भिंत, दुसऱ्या अंगास काहीच नाही. चाळीस वर्षे ज्या बाईने संसार माझ्या पगारात बसवला, ती आता खिडकीत बसून भाजीवाल्याला दोरीने पिशवी सोडते.

दुपारी प्रीतीचा पुण्याहून फोन. मुलगी आहे, पण बोलणे शिक्षणाधिकाऱ्याचे. "बाबा, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी येतेय. तोवर खालचं घर मिळालं तर ठीक. नाहीतर आईला इकडे घेऊन जाते. कायमची." मी विचारले, "आणि मी?" म्हणाली, "तुम्हीही चला की." तिच्याकडे दोन खोल्या आणि आधीच चार माणसे. मी तेथे कोठे बसायचे, हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

१ एप्रिल, मंगळवार

जाहिरात लिहिली. चटई क्षेत्र—म्हणजे भिंती वगळून पायाखाली येणारी खरी जागा—पाण्याची सोय, हक्काचे स्वरूप, सर्व क्रमाने. दलाल सर्जेरावांनी ती वाचली आणि हसले. "गुरुजी, 'वरचा मजला विकणे आहे' आन् खाली मोबाईल नंबर. बास! निबंध कोन वाचून राह्यलं आजकाल?" छाटून टाकली.

कागद मात्र चोख आहेत. घर माझ्या निवृत्तीच्या रकमेतून घेतले, नाव पुष्पाबाईंचे घातले. खालचा मजला आसराबाईंच्या नावे. मूळ मालकाने एकच घर आडवे कापून दोघींना विकले! जिना सामाईक. गच्ची आमची—खरेदीखतात स्पष्ट लिहिलेले आहे.

स्पष्ट लिहिलेले असूनही आसराबाई आज कुरडयांच्या पराती घेऊन गच्चीवर निघाल्या. त्या कुरडया-पापड करून दुकानांना घालतात. उन्हाळा म्हणजे त्यांची सुगी. मी जिन्यात अडवले. "परवानगी कोणाची घेतली?" तर म्हणतात, "बाईनं हो म्हनलं. आन् गुरुजी, ऊन काय तुमच्या खरेदीखतात लिव्हलंय का?" आतून पुष्पाबाईंचे हसणे ऐकू आले. मी बाजूला झालो. शेवटी परात गरम होती, एवढेच कारण.

त्यांचे यजमान धुळाजी दाराशी खाटेवर बसून होते. जन्म मेंढरांमागे गेला. आता बसणे सोसत नाही, तरी बसतात. या गच्चीपायीच आमचे बोलणे बंद आहे. मी उतरताना ते खाकरतात, मी पायऱ्यांकडे पाहतो.

४ एप्रिल, शुक्रवार

पहिले गिऱ्हाईक. कापड दुकानदार अप्पाराव. वर आले, भिंतींवर बोटे वाजवली, गच्ची पाहिली, पाणी प्यायले. मी कागद मांडले—कराच्या पावत्या, मालमत्ता पत्रक, खरेदीखत. त्यांनी हातही लावला नाही. "कागद चांगलेच असनार, गुरुजींचे हायेत. पन दुसऱ्याच्या दारावरून वर यायचं, ह्ये न्हाई जमनार. खालचा मजला संगं भेटत असंल तर बोला. दोनी मिळून पाडून नवं बांधतो."

पाडून! मी दिलेल्या चहाचा कप त्यांच्या हातातून काढून घ्यावासा वाटला.

७ एप्रिल, सोमवार

सर्जेरावांनी एक सदनिका दाखवली. फाटकावर मोठा फलक: 'प्रशस्थ व सुसज्य'. एका ओळीत दोन चुका! तरीही आत गेलो. तळमजला, उजेड, स्वयंपाकघरात वारा. मन क्षणभर तेथे राहायला गेले. मग भोगवटा प्रमाणपत्र मागितले—इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली, आता माणसांनी राहावे, असे नगररचनेने लिहून दिलेले ते प्रमाणपत्र. बांधणारा म्हणाला, "होऊन जाईल." केव्हा? "लोक राहून राह्यलेत ना, गुरुजी!"

लोक राहतात म्हणून घर कायदेशीर होत नाही. परत आलो.

पुष्पाबाईंनी विचारले, "कसं होतं?" म्हटले, "कागद नाहीत." त्या म्हणाल्या, "मी कागद नाही विचारला. न्हाणीघरात पाऊल ठेवताना उंबरा होता का?" ते मी पाहिले नव्हते.

१० एप्रिल, गुरुवार

दुसरे घर. शहराच्या टोकाला, गुंठा-गुंठा करून विकलेल्या शेतजमिनीत. ना बिगरशेती आदेश, ना नियमितीकरण. सर्जेराव म्हणाले, "नोटरी करून घ्या. समदे बॉन्डवरच घेऊन राह्यलेत." मी म्हणालो, "सर्व खड्ड्यात उडी घेत असतील तर खड्ड्याचा रस्ता होतो का?" ते रुसले. मोटारसायकल जोरात हाकली. मग म्हणाले, "गुरुजी, तुमाला घर भेटनार न्हाई. तुमी घर बघत न्हाई, पेपर तपासता."

येथे शिकलेले एक मात्र लिहून ठेवतो: नळाला पाणी कितव्या दिवशी येते, हे दलालास विचारू नये. शेजारच्या बाईस विचारावे. दलाल म्हणाले, "रोज." बाई म्हणाली, "टँकर आला तर."

१२ एप्रिल, शनिवार

चप्पल घातली. काढली. पुन्हा घातली. कोठे जायचे, ते ठरेना. दिवसभर घरातच येरझाऱ्या. पुष्पाबाई म्हणाल्या, "फरशी झिजंल, मंग गिऱ्हाईक भाव पाडंल."

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. यंदा प्रथमच विहारात एकटा गेलो. वंदनेनंतर जो तो विचारी, "बाई न्हाई आल्या?" प्रत्येकास उत्तर दिले. उत्तर देऊन थकलो.

मिरवणूक पुष्पाबाईंनी खिडकीतून पाहिली. पांढरी साडी नेसून बसल्या होत्या, शेजारी आसराबाई. मी वर आलो तेव्हा दोघींचे काही भारी खलबत चालले होते. मला पाहताच थांबले. आसराबाई पदर सावरून उठल्या. "गुरुजी, एक इचारू? सकाळधरनं पाच येळा वर चढले मी. तुमी मला लिफ्ट बसवून द्या, मंग बाईलाबी व्हईल!" उद्वाहकासाठी किती जागा लागते, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या पूर्ण ऐकून घेऊन म्हणाल्या, "बराबर," आणि दोघी पुन्हा हसल्या.

१७ एप्रिल, गुरुवार

मिळाले! नव्या जालन्यात, तळमजला. भोगवटा प्रमाणपत्र आहे. तीस वर्षांचा शोध अहवाल स्वच्छ, बोजा नाही. न्हाणीघराला उंबरा नाही—हाताने चाचपून पाहिले. शेजारणीला पाण्याचेही विचारले. विकणारे गृहस्थ सरळ. म्हणाले, "गुरुजी, चार दिवस थांबतो. इसार द्या, जागा तुमची."

इसार द्यायचा तर आधी हे घर गेले पाहिजे. निदान पक्के गिऱ्हाईक तरी पाहिजे. अप्पारावांना फोन केला. त्यांचे तेच: "खालचं संगं असंल तर आजच येतो."

१८ एप्रिल, शुक्रवार

आयुष्यात जे करीन असे वाटले नव्हते ते केले. धुळाजींच्या दारात गेलो. त्यांनी खाटेवर सरकून जागा दिली. बसलो. मी म्हणालो, "अप्पाराव दोन्ही मजले घेण्यास तयार आहेत. आपला विचार काय?"

धुळाजी म्हणाले, "जागा इकून आमी कुठं जावं, गुरुजी? लई फिरलो. जल्मभर रोज नवीन जागंला चूल. आता हितंच."

बरोबर बोलले.

आतून आसराबाई आल्या. हात पिठाचे. दाराला टेकून म्हणाल्या, "इकायचं तर न्हाईच. पन दुसरं काई इचारायचं असलं तर इचारा की."

दुसरे काय विचारायचे असणार! नमस्कार करून वर आलो. मागून धुळाजींचे शब्द कानी आले, "ह्यो मानूस लई शिकल्याला हाय." त्यावर आसराबाई काहीतरी पुटपुटल्या, ते नीट ऐकू आले नाही.

२१ एप्रिल, सोमवार

चार दिवस संपले. त्या गृहस्थांनी सौदा दुसऱ्याशी केला. दोष त्यांचा नाही.

सर्जेराव फोन उचलत नाहीत.

२३ एप्रिल, बुधवार

रविवारी प्रीती येईल आणि पुष्पाबाईंना घेऊन जाईल. मी येथे राहून गिऱ्हाईक पाहीन. घर विकले गेले की मीही—हे वाक्य पूर्ण होत नाही. सकाळपासून तीच ओळ डोक्यात घेऊन फिरतो आहे.

त्यांची पेटी माळ्यावरून काढली. साड्या घड्या करून ठेवू लागलो. पुष्पाबाई पलंगावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "इतक्या कशाला? पुण्यात मी कुठं मिरवायला जाणार?" मी म्हणालो, "कायमचे जायचे आहे." "कुणी ठरवलं?" "प्रीतीने." "आन् तुम्ही?" मी घडी मोडली, पुन्हा घातली. म्हणालो, "मला तुम्हाला खाली नेता आले नाही. महिनाभर फिरलो. सर्वांना विचारले."

"मला न्हाई विचारलं," त्या म्हणाल्या.

खरे आहे. मी विचारले, "बरे, सांगा. काय हवे?"

त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. "आता राहू द्या. तुम्ही त्यावर चार प्रश्न काढाल. त्यांची उत्तरं येईस्तोवर रविवार उजाडंल."

२५ एप्रिल, शुक्रवार

पुष्पाबाई आज प्रसन्न. गुणगुणत होत्या. निघण्याचा आनंद असेल, तर असो. मी तो मोडणार नाही. जेवण गेले नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी पुष्पाबाईंनीच मला पिटाळले. "सर्जेरावाला गाठून एकदा शेवटचं बघून या. जेवायची घाई करू नका." गेलो. काही नव्हते. उन्हात चालत परतलो, जिना चढलो, दार उघडेच होते. आत आसराबाई पाय पसरून बसलेल्या. भिंतीवर भगवान बुद्ध नाहीत, बाबासाहेब नाहीत. त्या खिळ्यावर बिरोबाची तसबीर! धुळाजी गच्चीवरून ओरडले, "आगं, दुसरी परात आन." आसराबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, वर कुठं चढून आलाव? तुमचं घर खाली हाय. बाईचं आन् माझं ठरलंय—तिला जिना नको, मला गच्ची पायजे. अदलाबदल! कागद तुमी करा, तुमाला त्याची हौस हाय."

ना मूल्यांकन, ना मुद्रांक, ना साक्षीदार! खाली धावलो. पुष्पाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून, भाजीवाल्याशी हुज्जत घालीत. धुळाजींनी आणि गल्लीतल्या तिघांनी त्यांना खुर्चीसकट उतरवले म्हणे. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "प्रीतीला फोन करा. भेटायला ये म्हणावं. न्यायला नको."