छातीवरचे चिमटे

प्रिय डार्ला,

खटक्, खटक्, खटक्, खटक्. बावीस वर्षांपूर्वी मागच्या व्हरांड्यात तू पहिल्यांदा एका दमात चार काडतुसं बंदुकीत सारलीस, तो आवाज. काडतुसं सरावाची, पोकळ होती. तू बारा वर्षांची होतीस आणि तुझी आई आतून ओरडत होती, "एम्मेट, पोरीला जेवू दे आधी! कॉर्नब्रेड गार होतोय." मला मात्र त्या आवाजात आमच्या ऑर्डवे बाईंचा वर्ग ऐकू आला. बाई टेबलावर पट्टी आपटत कविता म्हणून घ्यायच्या. चार ठोके, श्वास, पुन्हा चार ठोके. मी तुला तसंच भरायला शिकवलं. पुढे तू नेमबाजीच्या स्पर्धांना जायला लागलीस तेव्हा आपलं ठरूनच गेलं, की छर्ऱ्यांची काडतुसं तू चिमट्यांत लावायची आणि स्लग मी. बाकी दुनियेत कोणी दुसऱ्याच्या पट्ट्याला बोट लावत नाही, पण आपण बापलेक.

हे गोड गोड लिहायला मी बसलेलो नाही. मी रागावलोय. रविवार गेला, आज गुरुवार, राग उतरायचं नाव घेत नाही.

सुरुवात तुझ्या त्या चिमट्यांपासून. काडतुसं अंगावर वागवायचे चिमटे निवडणं म्हणजे जत्रेतली टोपी निवडणं नव्हे, हे मी कंठशोष करून सांगितलं होतं. चिमटा सैल असला तर धावताना काडतूस गळतं. घट्ट असला तर बोटं अडतात, अर्धा सेकंद जातो, आणि या खेळात अर्ध्या सेकंदात पहिल्याचा सातवा होतो. प्लास्टिकचे चिमटे ओक्लाहोमाच्या उन्हात ट्रकच्या काचेखाली ठेवले की त्यांची पकड जाते, आणि तू नेमके तिथेच ठेवतेस. मी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून केलेले चिमटे काय वाईट होते? छर्रे डाव्या कमरेला. स्लग उजवीकडे, वेगळे, पितळी बूड उलटं करून. न बघता हात घातला तरी बोटांना कळायचं. छर्रे जवळच्या लोखंडी पाट्यांसाठी, आणि स्लग म्हणजे अंगठ्याएवढी एकच शिशाची गोळी, ती लांबच्या पुठ्ठ्यासाठी. जवळच्या लोखंडावर स्लग बसला की शिसं फुटून मागे उलटतं, म्हणून त्याला दुसरी शिक्षाच नाही. थेट सामन्यातून बाहेर.

तू काय म्हणालीस? "डॅडी, तुमचे ते पत्र्याचे चिमटे म्युझियमला द्या. आता दोन-दोनच्या जोड्या ओढून चार एकदम भरतात." आणि तो छातीवर बांधायचा चिमट्यांचा फळा आणलास. सोळा काडतुसं एका रांगेत, सगळी एकाच तोंडानं, शेवटची चार स्लग. मी म्हटलं, गल्लत होईल. तू हसलीस, "लाल ते छर्रे, हिरवे ते स्लग. शेंबड्या पोरालाही कळेल."

कळलं ना रविवारी? टायमर माझ्या हातात होता, पंचाचा लाल शर्ट माझ्या अंगात. पहिल्या सहा पाट्या तू अशा पाडल्यास की मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मग चार भरलीस, खटक्-खटक्, खटक्-खटक्, सुरेख. आणि पुढचा बार निराळाच वाजला. पाटी पडली नाही, स्टँडवरून उडाली. मागे गुण लिहीत उभी असलेली ट्रूडी तोंड धरून खाली बसली. मी "थांब!" म्हणून ओरडलो. बंदूक रिकामी करून घेतली आणि माझ्याच तोंडानं तुला बाहेर काढलं. तू छातीवरच्या चिमट्यांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ पाहिलंस. आणि म्हणालीस, "माझीच चूक, डॅडी."

ट्रूडीच्या डोळ्याखाली दोन टाके पडले. बोटभर वर लागलं असतं तर डोळाच गेला असता. राज्याच्या संघातली तुझी जागा तिलाच मिळाली, तुझ्याखालोखाल नंबर तिचा. आणि आपल्या तुकडीतले ते टोळभैरव, ब्रिस्केट खाता खाता! "एम्मेटची पोर आणि स्लग ओळखत नाही?" "चिमटे नवे घेतले, डोकं घ्यायचं राहिलं!" "हिच्या मागे उभं राहायचं तर चिलखत घालून या रे!" मी काय केलं, सांगू? मीही म्हणालो, "सांगून सांगून थकलो बाबा, ऐकेल तर शपथ." सगळे हसले. तू ट्रकमध्ये सामान चढवत होतीस. ऐकलं असशीलच.

मंगळवारी दुपारी मी तुझी माझ्याकडे राहिलेली काडतुसं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतली, डब्यांत लावून ठेवावी म्हणून. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. लाल एकीकडे, हिरवी एकीकडे. दहा लाल झाली. सवयीनं एक उचलून तोंड पाहिलं, तर आत शिशाचा गोल. स्लग. दुसरं पाहिलं, स्लग. दहातली चार स्लग होती, डार्ला. पुन्हा मिसळली, पुन्हा लावली. या खेपेला पाच चुकली. हिवाळ्यापासून मला सगळे रंग भिजत घातलेल्या चिंध्यांसारखे दिसताहेत. म्हटलं वय आहे, म्हटलं धूळ आहे. रविवारी तू पाट्या कुठे कशा मांडल्यात ते बघायला गेलीस आणि मी नेहमीसारखा तुझा फळा मांडीवर घेऊन शेवटचे चार चिमटे भरत बसलो. तू लावलेलं एक काडतूस निसटून खाली काडतुसांच्या उघड्या पिशवीत पडलं, ते मी उचलून परत लावलं. खाली काय पडलं आणि हाती काय आलं, देव जाणे.

तुला तिथल्या तिथे कळलं होतं. माझ्या डोळ्यांचं तर त्याआधीच कळलं होतं. ईस्टरला मी लाल दिव्यावर ट्रक पुढे दामटला, तेव्हा तू एक शब्द न बोलता पुढच्या चौकात किल्ली मागून घेतलीस. मग बोलली का नाहीस? तुझ्या बापाला पंच म्हणून उभं राहू दिलंस, त्याच्या हातून स्वतःला बाहेर काढून घेतलंस, वर त्याचे टोमणे ऐकलेस! मी काय काचेचं भांडं आहे? माझी कीव करायचा अधिकार तुला कोणी दिला? ट्रूडीचा डोळा गेला असता तर तेव्हाही "माझीच चूक" म्हणून गप्प बसली असतीस? इतका राग मला तुझ्या आईचाही कधी आला नव्हता, आणि तिनं माझ्या कवितांच्या वह्या कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरल्या होत्या.

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, "जाऊ द्या हो डॅडी" म्हणशील. काल मी क्लाइडकडे गेलो. स्पर्धेचा प्रमुख तो, त्याला सगळं सांगितलं. टायमर आणि लाल शर्ट त्याच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "नियम नियमच, एम्मेट. अंगावर जे असेल त्याला नेमबाज जबाबदार. जागा काही परत मिळायची नाही." ठीक. पण शनिवारी सकाळी सगळे जमतील तेव्हा स्लग कोणी भरले ते मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि त्या वेळी तू तिथे हवीस. मध्ये तोंड घातलंस, मला सावरायला गेलीस, तर याद राख. तुझं नाव मी खराब केलंय, ते मीच पुसणार.

तुझाच,
अजून रागावलेला
डॅडी

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. वाटलं क्लाइड असेल. जाळीपलीकडे ट्रूडी उभी, डोळ्याखाली पट्टी. मी माफीचा पहिला शब्द काढायच्या आत म्हणते, "ते नंतर, मिस्टर टॅकेट. क्लाइडनं मला सांगितलं, मी डार्लाला गाठलं. ट्रकमध्ये बसवून आणलीय. आत यायला घाबरतेय." मी हे पत्र तिच्याच हाती तुला ट्रकमध्ये धाडतोय. तिथेच बसून शेवटपर्यंत वाच. मग आत ये.